उंदीर मेला, पण त्याच्या पिसवा कुठे गेल्या?

गेल्या महिन्यात एक पंचविशीचा तरुण आईला बरोबर घेऊन माझ्या दवाखान्यात आला. मित्रांबरोबर उत्तराखंडात दहा दिवस डोंगर हिंडून तो दोनच दिवसांपूर्वी परतला होता. अंगात १०२ ताप आणि उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ. आईने निदान करूनच आणले होते. "डॉक्टरसाहेब, याला अवधाण आलंय. एक इंजेक्शन द्या, म्हणजे उतरेल."

मी इंजेक्शन भरण्याऐवजी मुलाला प्रश्न विचारू लागलो. रात्री कुठे झोपत होतास? जमिनीवर की तंबूत? आसपास उंदरांची बिळे होती का? एखाद्या मेलेल्या प्राण्याला हात लावलास का? अंगावर चावल्याच्या खुणा आहेत का? शेवटी त्या माउलीचा धीर सुटला. "डॉक्टरसाहेब, ताप माझ्या लेकाला आलाय, तुम्ही उंदराचं काय घेऊन बसलात?"

मग मुलाचे बूट-मोजे काढायला लावले. नव्या बुटाने करंगळीजवळ मोठा फोड आला होता, तो फुटून त्यात पू झाला होता. जांघेतली गाठ त्याचीच. साध्या औषधांनी पाचव्या दिवशी मुलगा हिंडूफिरू लागला. पण आईचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. तापाचा आणि उंदराचा संबंध काय? आजचा लेख म्हणजे त्या ताईंना दिलेले सविस्तर उत्तर आहे.

डोंगरातले जुने शहाणपण

प्लेग म्हटले की आपल्याला शहरे आठवतात. १८९६ची मुंबई, १८९७चे पुणे. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने नेले. मधल्या पिढीला १९९४चे सुरत आठवते. त्यामुळे प्लेग हा गर्दीचा, गटारांचा, घाणीचा रोग अशी आपली समजूत झाली आहे. ती अर्धीच खरी आहे. प्लेग शहरात येतो तो पाहुणा म्हणून. त्याचे कायमचे बिऱ्हाड रानात, माळावर आणि डोंगरात, तिथल्या बिळांतून राहणाऱ्या उंदरांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या अंगावर असते.

गढवाल आणि कुमाऊंच्या पहाडात हा रोग मुंबईच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. केदारनाथच्या परिसरात १८२३ साली त्याची नोंद झाली. तिथले लोक त्याला 'महामारी' म्हणत. त्या काळी जंतू कोणाला ठाऊक नव्हते. पण पहाडी माणसाने एक गोष्ट पाहून ठेवली होती. घरात उंदीर पटापट मरू लागले की पाठोपाठ माणसे मरतात. म्हणून उंदीर मरताना दिसले की ती मंडळी घरदार सोडून रानात झोपड्या बांधून राहात. आपल्याकडेही 'उंदीर पडू लागले' की गाव शेतात राहायला जाई, हे घरातल्या जुन्या माणसांकडून अनेकांनी ऐकले असेल. कारण कळले नव्हते, पण खूण बरोबर ओळखली होती.

पिसूचा शोध

१८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला. तरीही तो उंदरातून माणसात जातो कसा, हे कोडे सुटेना. कोणी म्हणे हवेतून, कोणी म्हणे मातीतून, कोणी म्हणे अनवाणी पायातून.

पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत एक साधा प्रयोग केला. प्लेगने आजारी असलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर त्यांनी एका मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवला. त्याच भांड्यात जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा, निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू मात्र जाळीतून जाऊ शकेल अशी ती रचना होती. पहिला उंदीर मेला. काही दिवसांनी पिंजऱ्यातला दुसराही प्लेगने मेला. दोघांच्या मध्ये ये-जा करणारी होती ती फक्त पिसू.

सिमाँ यांचे म्हणणे कित्येक वर्षे फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने सविस्तर प्रयोग केले. प्लेगग्रस्त जागेत गिनीपिग नावाचे छोटे प्राणी पिंजऱ्यात ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातल्यांना प्लेग झाला, पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्यांना झाला नाही. पिसूला पंख नसतात. तिची उडी वीतभर. ती वीतभर उडीच साथीला कारण होत होती, हे त्या वेळी आपल्याच मुंबईत सिद्ध झाले.

पिसूच्या पोटात काय घडते?

आजारी उंदराचे रक्त पिताना पिसूच्या पोटात प्लेगचे जंतू जातात. तिथे ते वाढतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा तयार होतो. हा गठ्ठा तिच्या जठराच्या तोंडाशी बुचासारखा बसतो. आता पिसू कितीही रक्त प्याली तरी ते पोटात उतरत नाही. ती उपाशी राहते, भुकेने वेडीपिशी होते आणि पुन्हा पुन्हा चावते. प्रत्येक वेळी ओढलेले रक्त बुचावर आपटून परत फिरते आणि बरोबर जंतू घेऊन चावलेल्या जागी शिरते. बेकॉट आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी १९१४ साली हे दाखवून दिले. बूच बसण्याच्या आधीही, जंतू पोटात गेल्यावर थोड्याच दिवसांत काही पिसवा रोग देऊ शकतात, हे नंतरच्या संशोधनात दिसले आहे.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, पिसूला हवे असते ऊबदार अंग. उंदीर जिवंत आहे तोवर ती त्याच्या केसांत सुखाने राहते. उंदीर मेला, अंग गार पडू लागले की ती खाली उतरते आणि दुसरे ऊबदार अंग शोधते. दुसरा उंदीर मिळाला तर ठीक, नाहीतर मांजर, कुत्रा किंवा माणूस.

दुसरी, हवा तापून तिशीच्या आसपास गेली की ते बूच नीट टिकत नाही. आपल्याकडच्या जुन्या साथी कडक उन्हाळ्यात ओसरत, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

मग डोंगरच का?

आता डोंगराचा विचार करा. बाहेर ऊन असो की बर्फ, खोल बिळातली हवा गार आणि दमट असते. अशा हवेत पिसू उपाशीपोटीसुद्धा महिनोन्महिने तग धरते. तिची अंडी बिळातल्या मातीत पडतात, अळ्या तिथल्याच केरकचऱ्यावर वाढतात. त्या बिळातल्या काही जातींच्या प्राण्यांना प्लेग झाला तरी ते सगळेच्या सगळे मरत नाहीत. त्यामुळे रोग धुमसत राहतो. राखेखाली निखारा असावा तसा. वरून पाहणाऱ्याला वाटते, विझला.

मादागास्कर बेटावर प्लेग आजही होतो, आणि तो प्रामुख्याने समुद्रसपाटीपासून ८०० मीटरहून उंच असलेल्या मधल्या डोंगराळ भागात होतो. मध्य आशियात तिएन शान पर्वतात किरगिझस्तानचे इसिक-कूल सरोवर आहे. त्याच्या परिसरातल्या जुन्या दफनभूमीत १३३८ आणि १३३९ या दोन वर्षांतली थडगी एकाएकी फार वाढलेली दिसतात. काही दगडांवर मृत्यूचे कारण 'साथ' असे कोरलेले आहे. तिथल्या सांगाड्यांच्या दातांत प्लेगच्या जंतूचे अंश सापडल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. पुढे युरोपात कोट्यवधी माणसे मारणाऱ्या साथीच्या जंतूचा तो पूर्वज होता. आणि त्याच इसिक-कूल भागात २०१३ साली एक पंधरा वर्षांचा मुलगा गाठीच्या प्लेगने दगावला. तिथल्या डोंगरात मार्मोट नावाचा, खारीच्या कुळातला पण मांजराएवढा जाडजूड प्राणी बिळे करून राहतो. प्लेग त्याच्या आणि त्याच्या पिसवांच्या आश्रयाने टिकून आहे. सुमारे पावणेसातशे वर्षे गेली, राज्ये आली-गेली, निखारा तोच.

आपल्या हिमालयातील दोन उदाहरणे

हे सगळे परदेशातले, असे कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात सिमला जिल्ह्यातील हाटकोटी भागात प्लेग झाला. सुरुवात झाली ती शिकारीला गेलेल्या एका माणसापासून. त्याने रानमांजर मारून सोलले होते. म्हणजे पिसू ही एकच वाट नव्हे. आजारी प्राण्याचे रक्तमांस हाताळले तरी रोग शिरतो. हा प्लेग फुप्फुसाचा होता. तो खोकल्यातून थेट दुसऱ्या माणसाला होतो, मधे उंदीर लागत नाही आणि पिसूही लागत नाही. नातेवाईक आणि रुग्णाच्या निकट आलेले लोक आजारी पडले. एकूण १६ रुग्ण, त्यांपैकी ४ दगावले. निदान लवकर झाले आणि संपर्कातल्या माणसांना औषध दिले गेले, म्हणून साथ तिथेच थांबली.

ऑक्टोबर २००४ मध्ये उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यातील डांगुड या छोट्या गावात गाठीचा प्लेग झाला. ८ रुग्ण, ३ मृत्यू. इथेही गावकऱ्यांना प्रतिबंधक औषधे आणि पिसवांविरुद्ध फवारणी यांनी रोग गावाबाहेर पडला नाही. यमुनोत्री आणि गंगोत्री याच जिल्ह्यात आहेत. आपल्या भागातून दर वर्षी किती माणसे चारधामला जातात हे मी सांगायला नको. यात्रेला जाऊ नका, असे मी मुळीच म्हणत नाही. लाखो लोक जातात आणि सुखरूप येतात. आल्यावर ताप आला तर कुठे गेलो होतो ते डॉक्टरला सांगा, एवढेच म्हणतो.

१९९४ सालची माझी चूक

आता थोडे स्वतःविषयी. १९९४ साली मी नुकताच एमबीबीएस होऊन मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झालो होतो. १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. आमच्या पिढीने तो फक्त पुस्तकात वाचला होता, तोही परीक्षेत विचारणार नाहीत म्हणून घाईघाईने. ऑगस्ट अखेर बीड जिल्ह्यातील मामला गावातून गाठीच्या तापाची बातमी आली, सप्टेंबरात सुरतची. सुरत सोडून लाखो माणसे पळाली. आमच्याकडे टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल औषधाला मिळेनाशा झाल्या. साधी सर्दी झालेली माणसेही मूठ-मूठ गोळ्या खाऊन मोकळी झाली.

अशात एका गावातून निरोप आला. दुकानामागच्या खोलीत धान्याच्या पोत्यांखाली सहा-सात उंदीर मरून पडले आहेत. मी जीपमधून तिथे पोहोचलो आणि तरुण रक्ताच्या जोरात हुकूम सोडला, "गावातला एकूण एक उंदीर मारा. सापळे लावा, विषाच्या गोळ्या टाका. आजच!"

आमचे आरोग्य सहायक निवृत्तीला आलेले. मलेरियाच्या फवारणीत त्यांची हयात गेली होती. त्यांनी मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाले, "साहेब, रागावू नका. उंदीर हे पिसवांचं घर आहे. घर पाडल्यावर भाडेकरू कुठं जाणार? शेजारी आपणच झोपलेलो असतो. आधी पावडर, मग सापळे."

मला लाज वाटली, पण ऐकले. आधी बिळांच्या तोंडाशी, भिंतीच्या कडेने, उंदरांच्या जाण्यायेण्याच्या वाटांवर पिसवा मारणारी कीटकनाशक पावडर टाकली. मेलेल्या उंदरांवरही टाकली. मग हातमोजे घालून, चिमट्याने ते उचलले. सापळे त्यानंतर लावले. घरोघर फिरून ताप आणि गाठीची चौकशी केली. चार रात्री मला नीट झोप लागली नाही. पाचव्या दिवशी दुकानदाराने कबूल केले की त्यानेच विष घातले होते. चौकशी होईल या भीतीने तो गप्प बसला होता.

म्हणजे तो प्लेग नव्हता. पण असता तर? माझ्या हुकुमाने गावातले सगळे उंदीर एका रात्रीत मेले असते आणि त्यांच्या उपाशी पिसवा अंथरुणांवर चढल्या असत्या. पदवी माझ्याकडे होती, शहाणपण त्या आरोग्य सहायकांकडे होते. आज तीस वर्षांनंतरही उंदरांचा विषय निघाला की मी त्यांचेच वाक्य सांगतो. आधी पावडर, मग सापळे.

ओळखावे कसे?

पिसू चावल्यापासून एक ते सात दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके आणि अंग ठणकते, माणूस गळून जातो. जांघेत, काखेत किंवा मानेत गाठ येते. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून जांघेत जास्त. ही गाठ विलक्षण दुखते. रोगी पाय सरळ करू देत नाही, गाठीला हात लावू देत नाही. उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगने शंभरांत तीस ते साठ माणसे दगावतात. जंतू फुप्फुसात उतरले तर खोकला, छातीत दुखणे, धाप आणि थुंकीतून रक्त अशी लक्षणे दिसतात. फुप्फुसाच्या प्लेगवर औषध मिळाले नाही तर रोगी वाचत नाही.

चांगली गोष्ट अशी की यावर रामबाण औषधे आहेत आणि ती महागही नाहीत. स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन, डॉक्सिसायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सासीन ही त्यांपैकी काही. पण पेनिसिलीनचा उपयोग होत नाही. म्हणून 'मागच्या तापाला दिलेल्या गोळ्या' घरीच घेऊन चालत नाही. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये लक्षणे दिसल्यापासून चोवीस तासांच्या आत औषध पोटात किंवा शिरेत गेले पाहिजे. इथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

प्रत्येक अवधाण किंवा काखमांजरी म्हणजे प्लेग नव्हे, हेही सांगतो. शंभरांत नव्व्याण्णव वेळा पायाला काटा, जखम किंवा गळू असते. त्या तरुणाचेही तसेच होते. पण शंभरावा कोणता, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

एवढे पाळा

१) एखादा उंदीर मेला तर घाबरू नका. बहुधा कोणीतरी विष घातलेले असते. पण विष न घालता, थोड्या दिवसांत बरेच उंदीर मरून पडू लागले, तर केरसुणीने ओढू नका, शेपटीला धरून उकिरड्यावर फेकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला ताबडतोब कळवा.

२) तोवर त्या खोलीत मुलांना जाऊ देऊ नका, जमिनीवर झोपू नका. खाटेवर झोपा, अंथरूण जमिनीवर लोळू देऊ नका.

३) उचलण्याची वेळ आलीच तर आधी कीटकनाशक टाकून थोडा वेळ थांबा. हातमोजे किंवा दुहेरी प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून उचला, खोल पुरा. मग साबणाने हात स्वच्छ धुवा.

४) धान्याची पोती भिंतीपासून हातभर दूर आणि फळीवर ठेवा. खरकटे रात्रभर उघडे राहू देऊ नका. उंदीर येतो तो अन्नासाठी, पिसू येते ती उंदरावर बसून.

५) डोंगरात फिरताना बिळांजवळ तंबू ठोकू नका. तळ शिवलेला तंबू वापरा, विजार मोज्यांत खोचा, अंगाला कीटकरोधक मलम लावा. मेलेल्या किंवा सुस्त पडलेल्या रानप्राण्याला हात लावू नका. फोटोसाठीसुद्धा नाही.

६) प्लेगच्या रोग्याच्या संपर्कात आलेल्या माणसाने पळून जाऊ नये. सात दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्यांनी त्याचा जीव वाचतो. पळालेला माणूस मात्र रोग दुसऱ्या गावी नेऊ शकतो.

तो तरुण शेवटच्या तपासणीला आला तेव्हा त्याची आई पुन्हा बरोबर होती. मी त्यांना हे सगळे थोडक्यात सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या, उंदीर पडला की चूल रानात. आम्ही हसायचो."

हसू नये, ताई. त्यांचे म्हणणे खरे होते. आता आपल्याला कारणही कळले आहे आणि औषधही मिळाले आहे. चूल रानात नेण्याची गरज उरलेली नाही. मेलेला उंदीर दिसला की त्याच्या पिसवा कुठे गेल्या असतील, एवढे मात्र मनात यावे. आणि दवाखान्यात डॉक्टर उंदराविषयी विचारू लागले तर रागावू नये.